पायांचे दुखणे आणि पायांची निगा

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



आरोग्याविषयी चार शब्द बोलावेत अशी मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस आज्ञा केली, तेव्हा हृदयविकार, रक्तदाब, डोळे असे विषय आमच्यापुढे होतेच. ते महत्त्वाचे आहेत यात शंका नाही. परंतु त्यांवर बोलणारे पुष्कळ आहेत. आम्ही मुद्दाम पाय हा विषय निवडला. आपल्याकडे पायांना मान थोडा नाही. देवाचे चरण, गुरूंची पाउले, वडिलांचे पाय यांपुढे आपण मस्तक नमवितो. मात्र स्वतःच्या पायांकडे काटा मोडेपर्यंत किंवा टाच टेकेनाशी होईपर्यंत आपण पाहतसुद्धा नाही. बाहेरून आलो की पायांवर पाणी घेतो, पण पाऊल उलटे करून तळवा पाहणारा माणूस शंभरांत एखादा सापडावा. अमळनेरला ज्यांनी शिक्षकाचे काम केले त्या साने गुरुजींचा श्याम तळव्यांना माती लागू नये म्हणून आईपाशी हट्ट धरतो. तेवढी काळजी बालपणी वाटते. मोठेपणी ती कोठे जाते कोण जाणे!

आम्हांस आज एकच गोष्ट आपल्या मनावर बिंबवावयाची आहे. पायाचे दुखणे हे त्रासदायक असले तरी ते राखणदाराचे काम करते. ज्याचा पाय दुखतो त्याला वेळेवर सावध होता येते. ज्याच्या पायाची जाणीवच गेली आहे, त्याचा पाय अधिक धोक्यात असतो. या दोन्ही प्रकारांचा आता क्रमाने विचार करू.

पायाची घडण

मनुष्याच्या शरीरात एकंदर २०६ हाडे असतात. त्यांपैकी एकेका पावलात २६, म्हणजे दोन्ही पावलांत मिळून ५२ हाडे आहेत. सर्व शरीराच्या हाडांपैकी चौथा हिस्सा वीतभर लांबीच्या या दोन अवयवांत निसर्गाने घातला, यावरून त्यांचे काम किती नाजूक आणि किती जबाबदारीचे आहे हे ध्यानात येईल. ही हाडे पुलाच्या कमानीप्रमाणे रचलेली आहेत. कमान खचू नये म्हणून टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखाली एक चिवट पट्टा ताणलेला असतो. धनुष्याला दोरी असते तद्वत. टाचेच्या हाडाखाली चरबीची गादी असते. पाऊल टेकताना बसणारा हादरा ती सोसते. वय वाढले की ही गादी झिजू लागते, वजन वाढले की तिच्यावरील भार वाढतो, आणि पोटरीचे स्नायू आखडले की तळव्याचा पट्टा अधिक ताणला जातो. पायांच्या बहुतेक सामान्य दुखण्यांचे मूळ या रचनेत कोठेतरी सापडते.

सकाळची टाचदुखी

दवाखान्यात सर्वांत अधिक ऐकू येणारी तक्रार टाचेची. सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकले की टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ येते. दहा-वीस पावले चालले की कमी होते. बराच वेळ बसून पुन्हा उठले की परत येते. हे तळव्याच्या पट्ट्याचे दुखणे होय. रात्रभर पट्टा आखडून राहतो आणि पहिल्या पावलासरशी एकदम ताणला जातो, म्हणून कळ पहिल्या पावलालाच असते. पाय वेडावाकडा पडल्याने किंवा श्रमाने घोट्याच्या आश्रयाने होणाऱ्या वेदनेस सुश्रुताने वातकंटक असे नाव दिले आहे. पायातील दुखण्याला काट्याची उपमा देणारे ते नाव रोग्यांच्या आजच्या वर्णनाशी किती जुळते पाहा!

हे दुखणे आपल्या भगिनींत विशेष दिसते, याचे एक कारण आपल्या बदललेल्या घरांत आहे. पूर्वी खानदेशातील घरांत जमीन मातीची व शेणाने सारवलेली असे. चूल खाली होती, भाकरी थापणे, भाजी निवडणे, ताक घुसळणे ही कामे बसून होत. पुढे शहाबादी फरशी आली, त्यानंतर गुळगुळीत टाइल्स आल्या, आणि स्वयंपाकाचा ओटा कमरेएवढा उंच झाला. पाठीला व डोळ्यांना यामुळे सुख झाले, धूरही गेला. परंतु घरातील स्त्री पहाटेपासून रात्रीपर्यंत दगडासारख्या कठीण जमिनीवर अनवाणी उभी राहू लागली. आमच्या माहितीतील एक भगिनी गावातले जुने घर सोडून धुळ्यास मुलाच्या नव्या सदनिकेत राहावयास आल्या आणि चार महिन्यांत त्यांची टाच दुखू लागली. त्यांनी तेले लावली, उपवास केले, कोणी सांगितले म्हणून बिब्ब्याचा चटकाही घेतला. अखेरीस घरात वापरावयाच्या मऊ व जाड तळाच्या चपला, ओट्यापाशी एक जाड रबरी चटई आणि पोटरीचा व्यायाम एवढ्यावर त्यांचे काम भागले. जुने घर परत आणा असे आम्ही म्हणत नाही; नव्या घराबरोबर नवी सवय आणा, एवढेच म्हणतो.

क्ष-किरणांच्या चित्रात टाचेपाशी हाडाचे टोक पुढे आलेले दिसले की ‘हाड वाढले’ म्हणून रोगी घाबरतो आणि शस्त्रक्रियेच्या गोष्टी करू लागतो. हे भय बहुतांशी निराधार आहे. ज्यांची टाच कधीच दुखली नाही अशा पुष्कळ लोकांतही हे टोक आढळते. या दुखण्याचे दहांपैकी आठ-नऊ रोगी शस्त्रक्रियेवाचून बरे होतात. मात्र त्यास आठवडे नव्हे, महिने लागतात, आणि कधी वर्षही लागते. तेवढा धीर धरावयास हवा.

उपाय साधे आहेत. सकाळी पाय जमिनीस लावण्यापूर्वी अंथरुणातच बसून, पाऊल दुसऱ्या मांडीवर घ्यावे, हाताने बोटे नडगीकडे ओढावीत, दहा अंक मोजेपर्यंत धरावे आणि असे दहा वेळा करावे. दिवसातून दोन-तीन वेळा भिंतीस दोन्ही हात टेकून, दुखरा पाय मागे सरळ व टाच जमिनीस घट्ट ठेवून पुढे झुकावे, म्हणजे पोटरी ताणली जाते. पाण्याने भरून गार केलेली बाटली तळव्याखाली दहा मिनिटे फिरविली तरी आराम वाटतो. वजन थोडे उतरले तर टाचेस त्याचा लाभ लगेच कळतो.

जोडे व वहाणा

दुसरे मोठे कारण पायांतील जोडा. लग्नकार्यात शालू-शेला, मानपान यांवर आपण सढळ हाताने खर्च करतो, आणि ज्या वस्तूवर माणूस वर्षभर उभा असतो ती वस्तू बाजारात सर्वांत स्वस्त पाहून घेतो. त्यातही घरातील पुरुषांचे जोडे आधी येतात, मुलांचे नंतर, आणि गृहिणीच्या वाट्यास झिजून कागदासारखी झालेली स्लीपर येते. अगदी अलीकडच्या पिढीपर्यंत कित्येक घरांत सुनेने वडीलधाऱ्यांसमोर पायांत वहाणा घालू नयेत असा संकेत होता. तो संकेत गेला. परंतु स्त्रीच्या पायांवर खर्च कशाला, ही वृत्ती अद्याप पुरती गेली नाही. हे आम्ही कोणास दोष देण्यासाठी बोलत नाही. टाचदुखीच्या रोग्यांत भगिनींची संख्या पाहून बोलतो.

चरकसंहितेत दिनचर्या सांगताना पादत्राण धारण करण्याचे गुण वेगळे वर्णिले आहेत. म्हणजे जोडा ही केवळ शोभेची वस्तू नव्हे, हे आपल्या पूर्वजांस ठाऊक होते. जोडा निवडण्याच्या चार खुणा ध्यानात ठेवाव्यात. खरेदी संध्याकाळी करावी, कारण दिवसभराच्या चालण्याने पाय किंचित फुगलेला असतो. उभे राहून पाहावे. सर्वांत लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा मोकळी असावी. टाच मागून धरलेली असावी; नुसत्या अंगठ्यात अडकविलेल्या चपलेस धरून ठेवण्यासाठी बोटे सतत आवळावी लागतात. तळ ना दगडासारखा कठीण, ना कापसासारखा पोकळ असावा. आणखी एक युक्ती घरी करून पाहण्याजोगी आहे. कोऱ्या कागदावर उभे राहून पावलाभोवती पेन्सिलीने रेघ ओढावी व त्यावर आपला जोडा ठेवावा. रेघ जोड्याबाहेर दिसली, तर पाय जोड्यात कोंबला जात आहे असे समजावे. बोटांवरील घट्टे, अंगठ्याचे मुळाशी वाकडे होणे, मांसात रुतणारे नख या तक्रारींस पुष्कळदा हा कोंबलेला जोडाच कारण असतो. नख नेहमी सरळ कापावे. कडेने आत कोरू नये.

लहान मुलांचे पाय सपाट दिसतात म्हणून आईबाप चिंता करतात. पाच-सहा वर्षांपर्यंत बहुतेक मुलांची कमान पुरती दिसत नाही, आणि मूल खेळते-बागडते असेल तर त्यास काही करावे लागत नाही. मोठ्या मुलाचा पाय दुखत असेल किंवा सपाट पाऊल ताठर असेल, तर मात्र वैद्यकीय सल्ला घ्यावा.

शेतातील पाय

आपल्या ज्ञातीत आजही शेतीवर जगणारी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. तापी, गिरणा व पांझरा यांच्या काठची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, तसेच ती कसणाऱ्यांचे पायही भेगाळतात. भेग म्हणजे कोरडी व जाड झालेली कातडी भाराने फाटणे. ती खोल गेली की रक्त येते, माती शिरते आणि पू होतो. रात्री पाय कोमट पाण्यात दहा मिनिटे ठेवून, जाड कातडी वजरीने हळुवार घासून, पुसून कोरडे करावेत आणि कोकमतेल, खोबरेल किंवा साधे व्हॅसलिन लावून सुती मोजे घालून निजावे. वाग्भटाने अभ्यंग सांगताना डोके, कान व पाय यांस विशेषेकरून तेल लावावे असे म्हटले आहे. आपल्या आज्या हे नित्य करीत. त्यात खर्च काहीच नाही. मात्र ब्लेडने वा चाकूने कातडी तासू नये.

रावेर, यावल, सावदा, फैजपूर या केळीच्या पट्ट्यात आणि पावसाळ्यात सर्वत्रच ओल्या मातीत पाय असतात. बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडून सोलते व आग होते. यासच आपण चिखल्या म्हणतो. यात पुष्कळदा बुरशीचा संसर्ग असतो. पाय धुणे पुरेसे नाही, बेचके कोरडे करणे महत्त्वाचे. बुरशीवरील मलम काही आठवडे नियमाने लावावे. दोन दिवसांत खाज थांबली म्हणून सोडू नये.

बाभळीचा काटा हा खानदेशातील शेतकऱ्याचा जुना सोबती. काटा मोडून आत राहिला की कालांतराने तेथे कठीण गाठ होते. ती कुरूप म्हणून बिब्ब्याने जाळण्याची किंवा डागण्याची पद्धत फार धोक्याची आहे. काटा किंवा खिळा रुतल्यास जखम साबणपाण्याने धुवावी, काटा स्वच्छ साधनाने काढवून घ्यावा आणि धनुर्वाताची लस केव्हा घेतली होती हे डॉक्टरांस सांगावे. क्वचित काट्यावाटे मातीतील बुरशी किंवा सूक्ष्म जंतू आत शिरून पाऊल वर्षानुवर्षे सुजत जाते, त्यास छिद्रे पडतात आणि त्यांतून बारीक दाणे बाहेर येतात. मदुराई प्रांतात प्रथम वर्णिला गेला म्हणून या रोगास मदुरा फूट म्हणतात. तो बहुधा दुखत नाही, म्हणूनच रोगी उशिरा येतो. अनवाणी शेतात जाणे टाळणे हा त्याचा प्रतिबंध आहे. शेतात जाड तळाचा बंद जोडा आणि पाणी भरताना रबरी गमबूट ही चैन नव्हे; विळा-कोयत्यासारखी ती शेतीची अवजारेच समजावीत.

उभे राहण्याचे धंदे आणि इतर कारणे

एके काळी अमळनेरच्या प्रताप मिलमध्ये व जळगावच्या खानदेश मिलमध्ये कामगार पाळीभर मागापाशी उभे राहत. त्या गिरण्या बंद पडल्या. परंतु उभे राहण्याचे धंदे संपले नाहीत. जळगावच्या सराफ बाजारातील दुकानातला नोकर, डाळमिलमधील कामगार, बाजार समितीतील हमाल, शाळेतील शिक्षक, वाहतुकीचा पोलीस या सर्वांच्या पायांवर दिवसाचा भार असतो. फार वेळ उभे राहिल्याने पायांतील नीलांत रक्त साठून त्या फुगतात, संध्याकाळी घोटे सुजतात व पोटऱ्या जड होतात. अशांनी तासातासाने पाच मिनिटे चालावे, उभ्या उभ्या टाचा उचलाव्यात, आणि रात्री पाय उशीवर उंच ठेवून पडावे. एकच पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, कारण आत रक्ताची गुठळी झालेली असू शकते.

अंगठ्याच्या मुळाशी मध्यरात्री अकस्मात लाली, उष्णता व असह्य वेदना झाल्या तर तो गाऊट, म्हणजे आयुर्वेदातील वातरक्त, असण्याचा संभव असतो. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. युरिक ॲसिडचे नाव निघताच पुष्कळजण वरण-डाळ सोडून देतात. डाळींमुळे या रोगाचा धोका वाढतो असे मोठ्या पाहण्यांत आढळलेले नाही. मद्य, मांस आणि गोड शीतपेये यांचा संबंध मात्र निश्चित आढळला आहे. तेव्हा ताटातली डाळ न सोडता पेला सोडावा, हे बरे.

कमरेपासून मांडीच्या मागून पावलापर्यंत जाणारी कळ ही पायाची नसून कण्यातील दबलेल्या शिरेची असते. तेथे पायास तेल चोळून काम भागत नाही. कमरेची तपासणी हवी.

न दुखणारा पाय

आता आमच्या विषयाच्या गाभ्याकडे वळतो. मधुमेहाचे प्रमाण आपल्या देशात किती वाढले आहे हे आपणांस विदित आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतातील मधुमेहींचा अंदाज सुमारे १० कोटी १० लाख इतका निघाला. हा रोग पुष्कळ वर्षे अंगात राहिला आणि साखर आटोक्यात नसली की पायांच्या मज्जातंतूंची हानी होते. आरंभी मुंग्या येतात, रात्री तळव्यांची आग होते, कापसावर चालल्यासारखे वाटते. मग एक दिवस आग थांबते. रोगी समजतो, बरे झाले! वस्तुतः पुष्कळदा त्या वेळी जाणीव गेलेली असते.

आमच्या पाहण्यातील एक शेतकरी बंधू दिवसभर मळ्यात हिंडून घरी आले. चप्पल काढली तेव्हा पाऊल रक्ताने माखलेले होते. चपलेच्या तळातून वर आलेला खिळा सकाळपासून त्यांच्या पायात रुतत होता आणि त्यांस काहीच कळले नव्हते. निरोगी मनुष्य पहिल्याच पावलास ओरडला असता आणि थांबला असता. यांचा राखणदार झोपला होता. जखम चिघळली, हाडापर्यंत गेली, आणि दोन बोटे काढावी लागली. पाय वाचला तो घरच्या मंडळींनी त्यांस दुसऱ्याच दिवशी इस्पितळात नेले म्हणून.

कुष्ठरोगातही असेच घडते. पूर्वी असे समजत की त्या रोगाने मांसच सडते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ सालानंतर काम करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की रोग्यांच्या पायांवरील जखमा प्रामुख्याने न कळलेल्या इजांनी व दाबाने होतात. वेदना गेल्यामुळे माणूस जखमी पायावर चालत राहतो, म्हणून जखम भरत नाही. पायाला मऊ रबराचा योग्य जोडा दिला व रोज पाहण्याची सवय लावली की जखमा टळू लागल्या. तोच धडा आज मधुमेहींच्या उपचारात गिरविला जातो. कुष्ठरोग औषधाने पूर्ण बरा होतो, हेही येथे आवर्जून सांगतो. अंगावरील बधिर चट्टा कोणी लपवू नये.

विडी-सिगारेट ओढणाऱ्यांस आणखी एक भय असते. पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद होतात. ठरावीक अंतर चालले की पोटरी धरते, उभे राहिले की सुटते. पाऊल थंड पडते. पुढे रात्री पाय खाटेखाली लोंबता ठेवल्यावाचून झोप येत नाही. ही लक्षणे दिसताच धूम्रपान त्याच दिवशी सोडून तपासणी करावी. मधुमेह आणि धूम्रपान एकत्र आले तर पाय गमावण्याचा धोका फारच वाढतो.

जाणीव शाबूत आहे किंवा नाही हे घरच्या घरी पाहण्याची एक सोपी रीत आहे. मधुमेही व्यक्तीने डोळे मिटून पडावे. दुसऱ्याने आपल्या बोटाच्या टोकाने दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट व करंगळी अशा सहा ठिकाणी, न दाबता, एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करावा आणि स्पर्श कळला की ‘हो’ म्हणावयास सांगावे. सहांपैकी दोन किंवा अधिक ठिकाणी कळले नाही, तर पायाची जाणीव मंद झाली आहे असे समजून डॉक्टरांकडे जावे. यास पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही. घरातला नातूही हे करू शकतो.

पदयात्रा आणि अनवाणी नवस

आमचा खानदेश चालणाऱ्यांचा प्रदेश आहे. चैत्रात वणीच्या सप्तशृंगीकडे धुळे-जळगावकडून पायी जाणाऱ्यांच्या रांगा आपण पाहतो. मुक्ताईची पालखी मुक्ताईनगरहून निघून सुमारे महिनाभर चालत पंढरपूर गाठते. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली ज्यांनी गीतेवर प्रवचने दिली, त्या विनोबांनी पुढे १९५१ पासून भूदानासाठी वर्षानुवर्षे सारा देश पायी तुडविला. चालणे ही उत्तम गोष्ट आहे. परंतु तयारीवाचून चालणे उत्तम नव्हे. यात्रेपूर्वी महिनाभर रोज थोडे थोडे चालणे वाढवावे. नवा जोडा यात्रेच्या दिवशी काढू नये. आधी पंधरा दिवस वापरून तो पायास बसवावा. मोज्यांचे दोन जोड बरोबर ठेवून ओला मोजा बदलावा. फोड आला तर त्याची कातडी ओढून काढू नये. स्वच्छ पट्टी बांधावी.

अनवाणी चालण्याचा नवस हा श्रद्धेचा विषय आहे आणि श्रद्धेचा आम्ही अनादर करीत नाही. परंतु चैत्र-वैशाखात जळगाव-भुसावळचे तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते, तेव्हा डांबरी रस्ता पायाखाली तव्यासारखा तापलेला असतो. निरोगी माणूस चटका बसताच सावलीकडे पळतो. जाणीव गेलेला मधुमेही चालतच राहतो आणि रात्री मुक्कामी त्याच्या तळव्याची कातडी सुटून येते. म्हणून आमची हात जोडून विनंती आहे की मधुमेह असलेल्या कोणत्याही व्यक्तीने अनवाणी चालण्याचा नवस बोलू नये, आणि बोलला असल्यास जोडा घालून तो फेडावा. आई जगदंबा लेकरांच्या पायांतील वहाणांचा राग मानील, असे आम्हांस वाटत नाही. मंदिराच्या आवारात तापलेल्या फरशीवर जाड मोजे घालावेत.

नित्याचे नियम

एवढ्या विवेचनाचे सार थोडक्यात सांगतो.

१. रोज रात्री पाय धुवावेत, बेचके कोरडे करावेत, आणि तळवा उजेडात पाहावा. वाकता येत नसल्यास आरसा खाली ठेवावा किंवा घरातील कोणास पाहावयास सांगावे.

२. जोडा घालण्यापूर्वी तो झटकावा व आत हात फिरवून पाहावा.

३. मधुमेहींनी घरातही अनवाणी फिरू नये. पाय गरम पाण्यात भिजवीत बसू नये, शेकू नये. धुण्याचे पाणी आधी कोपराने पाहावे. तेल तळव्यास लावावे, बेचक्यांत लावू नये.

४. कुरूप, घट्टा किंवा रुतलेले नख यांवर घरी ब्लेड, बिब्बा अथवा ॲसिडचे मलम वापरू नये.

५. मधुमेहींच्या पायावरील फोड, जखम, लाली किंवा सूज ही दुखत नसली तरी त्याच दिवशी दाखवावी. ‘दुखत नाही, मग कशाला?’ हे वाक्य घरातून हद्दपार करावे.

६. वयाची तिशी उलटलेल्या प्रत्येकाने रक्तातील साखर तपासून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रांत ही सोय आहे. धुळे व जळगाव येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयेही आहेत. तेव्हा लांब जावयास नको.

मंडळास विनंती

भाषणाने काम होत नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. म्हणून मंडळाच्या चालकांपुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, पुढील वर्षीच्या मेळाव्यात वधूवर परिचयाच्या मंडपाशेजारीच एक मंडप पायांच्या तपासणीसाठी राखून ठेवावा. ज्ञातीतील डॉक्टर मंडळी तेथे बसतील असा विश्वास आहे. दुसरी, गरजू शेतकरी व मजूर कुटुंबांतील स्त्रियांस चांगल्या जोड्यांसाठी साहाय्य करणारा एक छोटा निधी असावा. मानपानाच्या आहेरात जी टोपी-उपरणी व लुगडी कपाटात पडून राहतात, त्यांचे पैसे या कामी आले तर ते सत्कारणी लागतील. तिसरी, वणीच्या वाटेवर ज्ञातीतर्फे पाणी व फराळाची जी सेवा होते, तेथे पाय धुण्यास स्वच्छ पाणी, पुसण्यास कापड आणि पट्ट्या बांधणारे दोन स्वयंसेवक ठेवावेत.

हे काम क्षुल्लक वाटेल. त्यावर एक उदाहरण देऊन आम्ही थांबतो. आपल्यातील वृद्ध मंडळींनी नारू हे नाव ऐकले असेल. पायऱ्यांच्या विहिरीचे पाणी पिऊन अंगात शिरणारा, आणि वर्षभराने बहुधा पायातूनच दोऱ्यासारखा बाहेर येणारा हा कृमी ऐन हंगामात माणसाला खाटेवर पाडी. त्यावर लस नव्हती, खात्रीचे औषधही नव्हते. पाणी गाळून प्या, नारू झालेला पाय विहिरीत बुडवू नका, पायऱ्यांच्या विहिरी बदला, एवढेच गावोगाव सांगितले गेले आणि लोकांनी ते ऐकले. भारतातील शेवटचा रोगी १९९६ साली आढळला, आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने आपला देश नारूमुक्त असल्याचे जाहीर केले. फडक्याच्या एका गाळणीने आणि बदललेल्या सवयीने एवढा जुना शत्रू हटला. मग रोज रात्री दोन मिनिटे तळवा पाहणे आणि घरातील आईच्या पायांत चांगला जोडा घालणे, हे आपल्या ज्ञातीस अवघड का जावे?

आज घरी गेल्यावर आपण वडीलधाऱ्यांच्या पाया पडाल. त्या वेळी क्षणभर थांबून त्यांचे तळवे पाहावेत, एवढी विनंती करतो.